माश्यांना औषध, सोनूभाऊंना मेमो

जव्हारच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवलं आणि नोकरीची शेवटची काही वर्षं माश्या पाळल्या. हे सांगितलं की लोक हसतात. लग्नकार्यात एखादे लांबचे मेहुणे हमखास म्हणतात, "म्हणजे कॉलेजात माश्या मारत बसायचात म्हणा की." मी म्हणते, मारणाऱ्यांचा पगार जास्त असतो, आम्ही पाळणाऱ्या. या अंकासाठी लिहा म्हणताना संपादकांनी "थोड्या गमतीजमती येऊ द्या" असंही सुचवलं आहे. गमती आहेत. त्या आधीच सांगून टाकते, कारण खरं सांगायचं आहे ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं, आणि मग गमती राहूनच जातील.

केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती चिमुकल्या माश्या घोंगावतात, त्या फळमाश्या. घरात आपण त्या हाताने हाकलतो. आम्ही त्यांना काचेच्या बाटल्यांत ठेवून, तोंडाला कापसाचा बोळा लावून, वेळच्या वेळी खाऊ घालायचो. कारण होतं कंपवात. डॉक्टर त्याला पार्किन्सन म्हणतात. माणसाच्या मेंदूत खोलवर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्या पेशी डोपामीन नावाचं रसायन बनवतात आणि हालचाल सुरू करणं, ती बेतानं करणं हे सगळं त्याच्या जिवावर चालतं. या पेशी मरायला लागल्या की हात कापतो, चेहरा कोरा पडतो, पावलं लहान होतात, सदऱ्याचं बटण लावायला वेळ लागतो. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. त्या का मरतात हे जिवंत माणसाचा मेंदू उघडून पाहता येत नाही, म्हणून प्राण्यांत पाहायचं. उंदीर महागात पडतो आणि म्हातारा व्हायला वेळ घेतो. फळमाशी जन्म, संसार आणि म्हातारपण दोन-अडीच महिन्यांत उरकते. तिच्याही डोक्यात डोपामीनच्या पेशी असतात. थोड्याच, पण असतात.

परीक्षा अगदी साधी. निरोगी माशीला खाली पाडलं की ती वर चढते, तिचा स्वभावच तो. काचेच्या नळीत माश्या घ्यायच्या, नळी टेबलावर आपटायची, सगळ्या तळाशी पडतात, आणि मग घड्याळ लावून कोण कुठवर चढलं ते पाहायचं. काही माश्यांच्या खाण्यात आम्ही रोटेनोन घालायचो. झाडाच्या मुळांतून निघणारं ते विष आहे, किडे मारायलाही वापरतात. त्या माश्या काही दिवसांनी तळाशी रेंगाळायला लागायच्या. दोन बोटं चढायच्या, थबकायच्या, घसरून खाली यायच्या. मग त्यांनाच लेव्होडोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामीन बनवतं ते औषध, खाण्यातून दिलं की त्यांतल्या बऱ्याच पुन्हा चढू लागायच्या. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. डोक्यातल्या पेशी मोजायचं काम मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत होई, तिथे त्यासाठी लागणारे सूक्ष्मदर्शक होते. आमच्याकडे पाळणं, खाऊ घालणं आणि नळ्या आपटणं.

मुंबईच्या संस्थेला आमचीच का आठवण झाली? त्यांचे प्रमुख होते, त्यांना मी इथे मोठे सरच म्हणते. आदिवासी भागातलं एखादं कॉलेज सोबत घेतलं की प्रकल्पाचा अर्ज वजनदार दिसतो, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत हसत हसत सांगितलं. मला राग आला, पण कामाची हावही होती. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि आमच्या प्रयोगशाळेत बेडूक कापण्यापलीकडे काही घडत नव्हतं.

माश्यांचं खाणं बाहेर मक्याच्या पिठाचं करतात. आम्ही नाचणीचं केलं. नाचणी, गूळ, यीस्ट आणि पिकून काळी पडलेली केळी. हे शिजवायचं काम आमचे प्रयोगशाळा परिचर सोनू भोये यांच्याकडे होतं. सोनूभाऊ साखरशेतचे. घरची भात-नाचणीची शेती सांभाळून कॉलेजात लागलेले, वयाने माझ्यापेक्षा थोडे मोठे. आमच्या घरीही त्यांचं येणं-जाणं होतं. माझं माहेर दाभोश्याचं, त्यामुळे त्यांची बोली मला कळायची आणि ते मला मॅडम न म्हणता बाई म्हणायचे. पिठाची एकही गुठळी होऊ न देता ते पातेलं ढवळायचे. म्हणायचे, "बाई, आपले माश्यांचा रोजचाच सण."

या खाण्याला वास यायचा. गूळ, यीस्ट आणि नाचणी एकत्र उबेला ठेवलं की काय वास येतो, हे आमच्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. आमची खोली, आमचे कपडे, सोनूभाऊंची टोपी, सगळ्याला तो वास लागलेला असायचा. त्यात ते गूळ घ्यायचे काळा, स्वस्तातला, हातभट्टीवाले नेतात तोच. एक दिवस पोलीस ठाण्यातला हवालदार कॉलेजात हजर. बाजारात कुणीतरी खबर दिली होती की कॉलेजचा शिपाई दर आठवड्याला काळा गूळ नेतो.

"मॅडम, गूळ कुठं जातो?" त्याने विचारलं.

"माश्यांना."

"एवढा?"

मी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली माशी दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "डोळे लालभडक आहेत हो. ही पिऊनच आलेली आहे." फळमाशीचे डोळे लालच असतात, हे त्याला पटवता पटवता चहा झाला. जाताना त्याने खोलीत भट्टी नाही याची खात्री मात्र करून घेतली. आम्ही पुढे महिनाभर त्यावर हसलो. हा वासच पुढे आमच्या मुळावर येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आणखी एक पाहुणे सांगते. प्रकल्पाची पाहणी करायला एक साहेब आले होते. सगळं पाहून झाल्यावर म्हणाले, "कंपवात म्हणजे म्हातारपणाचा आजार ना? मग इथं कशाला? इथली माणसं तेवढी जगतात कुठं?" आमच्या तालुक्यात वावर-वांगणीची लेकरं भुकेने गेली तेव्हापासून बाहेरच्यांना आमच्याबद्दल एकच शब्द ठाऊक, कुपोषण. त्यापलीकडे आमच्या माणसांना पाठदुखी होते, मोतीबिंदू होतो, ती म्हातारी होतात, हे त्यांच्या गावीही नसतं. साहेबांनी हे वाक्य म्हटलं तेव्हा सोनूभाऊ त्यांच्यासमोर चहाचा ट्रे धरून उभे होते.

आणि त्याच सुमाराला माझ्या लक्षात आलं होतं. कॉलेजचा उतार उतरून सोनूभाऊ यायचे तेव्हा त्यांचा उजवा हात हलेना. डावा चालीबरोबर झुलायचा, उजवा अंगाला चिकटलेला. मग पावलं आखूड झाली, आवाज खाली गेला. गप्प उभे असले की उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत राहायचं, विडी वळल्यासारखं. मी दिवसभर नळ्यांमध्ये जे पाहत होते तेच खोलीत चालताना दिसत होतं. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, डॉक्टरला दाखवू." ते म्हणाले, "हात आपला आपण हालं. लावणीला वाकून वाकून झाला असेल. लावणी झाली का जाऊ." लावणी व्हायच्या आधी सचिव आले.

आमच्या शिक्षणसंस्थेचे सचिव म्हणजे भला दांडगा माणूस, संस्था त्यांच्या वडिलांनी काढलेली. सकाळी सकाळी फेरी मारायला आले. सोनूभाऊ नुकतंच पातेलं उतरवून दारात आले होते. सचिवांनी काहीतरी विचारलं. सोनूभाऊंना उत्तर द्यायला वेळ लागला, आणि आलं ते पुटपुटल्यासारखं. चेहऱ्यावर काही उमटेना, कारण उमटतच नव्हतं. हात थरथरत होता. सचिवांनी नाक पुढे केलं आणि अंगाचा वास घेतला.

दुपारी सोनूभाऊंच्या हातात मेमो पडला. कामावर असताना मद्यप्राशन. मागोमाग चौकशी होईपर्यंत घरी बसा, असा हुकूम.

मी प्राचार्यांच्या खोलीत गेले ती माश्यांच्या खाण्याची बाटली हातात घेऊनच. सचिव तिथेच होते. "घ्या, वास घ्या," मी म्हटलं. प्राचार्य बिचारे भिडस्त, त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "वास हाच आहे खरा. पण मॅडम, थरथर?" मी त्यांना कंपवात समजावून सांगितला. सोनूभाऊंना बोलावून घेतलं, टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, उचला." मांडीशी कापणारा हात पेल्याकडे गेला तसा शांत झाला. आजाराचं हे लक्षणच आहे, निवांत असताना हात कापतो आणि कामाला लागला की थांबतो. दारू न मिळालेल्याचं उलट असतं, त्याचा हात पुढे केला की जास्त कापतो. मी हे सगळं मोठ्या विजयाने सांगितलं.

सचिव म्हणाले, "पेला दिसला की दारुड्याचा हात स्थिर होणारच."

प्राचार्य हसले. भिडस्त माणसं साहेब हसले की हसतात.

"बाई, मी पियेल नाय," सोनूभाऊ मला म्हणाले, त्या दोघांना नाही. "सणाला घेतो, कामाला येताना कधीच नाय."

"सणाला घेतो हे आलं ना तोंडातून," सचिव म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आणि मॅडम, माशीवरून माणसाला सर्टिफिकेट द्यायचं का आम्ही?"

पुढच्याच आठवड्यात मोठे सर आले. कॉलेजच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, विषय आमचाच प्रकल्प. बोलायला फार छान. म्हणाले, "माशीला क्षुद्र समजू नका. माशी म्हणजे छोटा माणूसच. तिच्या मेंदूत जे घडतं तेच तुमच्या-माझ्या मेंदूत घडतं." सचिव पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. मला वाटलं, आता झालं काम.

विश्रामगृहावर जेवण होतं. मी मोठ्या सरांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "सर, सचिवांना दोन वाक्यं सांगा. तुमचं ऐकतील."

त्यांनी हात पुसले. "मॅडम, मी काही डॉक्टर नाही. आपलं काम मूलभूत स्वरूपाचं आहे. माशीवरून एखाद्या माणसाबद्दल थेट काही बोलणं शास्त्राला धरून होणार नाही."

"माशीवरून नका बोलू. माणूस बघून बोला. चार वर्षं तुम्ही त्यांच्या हातचा चहा प्यायलात."

"आणि हा तुमच्या संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे," असं म्हणून ते ताटाकडे वळले.

त्यांचं पहिलं उत्तर शास्त्र म्हणून बरोबर होतं, हे मी आजही नाकारत नाही. माझा संताप वेगळा आहे. सभागृहात अनुदान देणारे ऐकत असतात तेव्हा माशी म्हणजे माणूस, आणि जेवणाच्या टेबलावर माणसाची नोकरी वाचवायची वेळ आली की माशी म्हणजे फक्त माशी, हे कुठलं शास्त्र? तासाभरापूर्वी बोललेलं वाक्य इतक्या सहज गिळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी जेवले नाही, घरी निघून आले.

सोनूभाऊंना घेऊन मी नाशिकला गेले. त्यांच्या बायको जनीबाई बरोबर होत्या. मेमोचं सोनूभाऊंनी त्यांना सांगितलं नव्हतं, आजारपणाची रजा एवढंच. एसटी मोखाड्यात थांबली तेव्हा त्यांच्या माहेरच्या कुणीतरी खिडकीतून भाकरी दिली, तीच आम्ही तिघांनी खाल्ली. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांना अंगठ्याला बोट टेकवत राहायला सांगितलं, दारापर्यंत चालून परत यायला सांगितलं, मनगट धरून हलवून पाहिलं. म्हणाले, "कंपवात. शंकाच नाही. दारूचा काही संबंध नाही." आणि गोळ्या लिहून दिल्या. ते लेव्होडोपाच होतं, आमच्या माश्यांचं औषध, सोबत एक दुसरं औषध मिसळलेलं.

गोळ्या सुरू झाल्या, पण त्या जव्हारला मिळेनात आणि मोखाड्यालाही. दुकानदार म्हणायचा, "इथं कोण घेतो? मागवून ठेवल्या तर पडून राहतील." नाशिकला जाणाऱ्या जीपवाल्याला सांगायचं, तो कधी आणायचा, कधी विसरायचा. एकदा गोळ्या संपल्या आणि जीपवाला रिकाम्या हाताने परत आला. सोनूभाऊ माझ्याकडे प्रयोगशाळेत आले. मी तेव्हा फ्रीज उघडून माश्यांच्या औषधाची बाटली काढत होते. त्यांच्या जागी कुणी आलेलं नसल्याने खाणं मीच शिजवत होते आणि त्यात गुठळ्या होत होत्या.

ते बाटलीकडे पाहत राहिले. चार वर्षं त्यांनीच ती भुकटी खाण्यात मिसळली होती.

"बाई, हेच ना? यातलं माला नाय चालायचं?"

मी त्यांना समजावलं. ही प्रयोगशाळेची भुकटी आहे, माणसाच्या पोटात जायला तयार केलेली नाही. गोळीतलं दुसरं औषध यात नाही, ते नसलं की बरंचसं डोक्यापर्यंत पोचतच नाही, उलट्या मात्र होतात. आणि किती द्यायचं ते मी सांगू शकत नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. माझ्या हातात औषध होतं, समोर आजारी माणूस होता, आणि मी ते माश्यांना घालणार होते. मुंबईहून एका निरोपावर अशी बाटली बर्फात घालून यायची. माणसाच्या गोळ्यांसाठी जीपवाल्याच्या मर्जीवर बसायचं.

सोनूभाऊ म्हणाले, "बरा. मग जीपवाल्याची वाट बघू." आणि त्यांनी माझ्या हातातला पळा घेऊन बसल्या बसल्या गुठळ्या मोडायला सुरुवात केली.

त्या दिवसानंतर मी जीपवाल्याचा नाद सोडला आणि दर महिन्याला स्वतः नाशिकला जाऊन गोळ्या आणू लागले. गोळ्या नेमाने पोटात जायला लागल्यावर सोनूभाऊ सुधारले. चाल मोकळी झाली, हात झुलायला लागला, आवाज वर आला, आणि एकदा माझ्या कुठल्याशा बोलण्यावर ते चक्क हसले. मी त्यांना घेऊन प्राचार्यांकडे गेले. नाशिकच्या डॉक्टरांनी लिहिलेलं पुढे ठेवलं. म्हटलं, "आता बघा. औषध दिलं आणि माणूस उभा राहिला. याहून वेगळा पुरावा काय हवा?"

सचिवांनी सोनूभाऊंना चालायला लावलं, बोलायला लावलं. मग समाधानाने मागे रेलले.

"बघा," ते म्हणाले. "दारू सुटली आणि माणूस सुधारला. मी म्हणत नव्हतो?"

मी बोलायला लागले. त्यांनी हात वर केला. मोठ्या मनाने म्हणाले की परत कामावर घेऊ, फक्त स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, की झालं गेलं विसरा, इथून पुढे पिणार नाही.

बाहेर येऊन मी सोनूभाऊंना म्हटलं, "भाऊ, नका म्हणू. आपण वर तक्रार करू, कोर्टात जाऊ." ते भिंतीला टेकून उभे राहिले. म्हणाले, "बाई, गोळ्या पगारातून येतात. कोर्टाला किती दिवस लागतील? गोळी तर रोज पायजे." मग त्यांनी विचारलं, "हातात दाणा नाय ना देणार?"

मला ते समजायला क्षणभर वेळ लागला. त्यांच्याकडे कणसरी, म्हणजे धान्य हीच देवी. मुठीत दाणे धरून बोललेलं खोटं ठरलं तर घरातलं धान्य जातं, अशी पक्की समजूत. दाण्यावाचून बोललेलं ते नुसतं बोलणं. "नाही," मी म्हटलं, "दाणा नाही देणार."

"मग बोलतो."

ते बोलले. स्टाफरूममध्ये भिंतीपाशी उभं राहून, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मोकळे पुढे धरून, सचिवांनी सांगितलं तसं शब्दाला शब्द. काही सहकाऱ्यांनी शाबासकी दिली. त्यात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि मानसशास्त्राचेही. मी खिडकीकडे तोंड करून उभी होते.

पुढे प्रकल्प संपला. मोठ्या सरांचं नाव मोठं झालं. आमच्या कॉलेजचा उल्लेख शेवटी आभारांत आला, सोनूभाऊंचा कुठेच नाही. माश्या मी आणखी काही काळ हौसेने पाळल्या आणि एका पावसाळ्यात सगळ्या बाटल्यांना बुरशी लागली तेव्हा सोडून दिल्या. सोनूभाऊंचा आजार आपल्या गतीने वाढत गेला. गोळ्यांचा जोर दिवसातून काही तासच टिकू लागला आणि ते त्या तासांत काम उरकून घ्यायचे. निवृत्तीचं वय होईपर्यंत त्यांनी तसं रेटलं.

त्यांच्या निरोप समारंभाला सभागृह भरलं होतं. जनीबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. सचिवांची छापील मराठी त्यांना नीटशी कळत नव्हती. लोक टाळ्या वाजवत तेव्हा त्याही कौतुकाने वाजवत. सचिवांनी शाल घातली, नारळ दिला आणि माईक हातात घेतला. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना म्हणाले, व्यसन माणसाला कुठे नेतं आणि निश्चय केला तर माणूस त्यातून कसा वर येतो याचं उदाहरण आज आपल्यासमोर बसलेलं आहे. एक काळ असा होता की या माणसाला धड उभं राहता येत नव्हतं. आम्ही त्याला संधी दिली, त्याने बाटली सोडली आणि आज तो मानाने निवृत्त होतो आहे. मुलांनो, याच्यापासून शिका. सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

व्यासपीठावर सोनूभाऊ मांडीवर नारळ धरून बसले होते. गोळीची वेळ टळून गेली असावी, नारळ हलत होता.

टाळ्या थांबल्यावर जनीबाई माझ्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तो पियेल माणूस कोण, ज्याचा सांगत होते?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "आपले सोनूभाऊ."

त्यांनी मघाशी टाळ्या वाजवलेले दोन्ही हात पदराखाली घेतले आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत.